हेराल्डला स्पॉयलर लावू का?

आक्का, नमस्कार.

मी सत्तावीस वर्षांचा आहे. उद्यमबागेत एका मशिन शॉपमध्ये कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, डिझाइनचं काम करतो. घर शहापुरात. बाबा फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाच्या वाळूच्या साच्यासाठी लाकडी नमुने करायचे. तीन वर्षांमागं रिटायर झाले. आमच्या परसात आजोबांची १९६६ ची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड पंधरा वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. इंजिन फिरतं, पत्रा खालून सडलाय, उजव्या हेडलाइटभोवतीचं कडं तुटलंय आणि ते कुठंच मिळेना. मी पैसे साठवून तिला उभी करायचं ठरवलंय. पण मला ती स्पोर्ट्स कारसारखी करायची आहे. एलईडी पट्टीचे दिवे, सतरा इंची अलॉय चाकं, रुंद टायर, पुढं बंपरखाली स्प्लिटरची पट्टी, मागं डिकीवर स्पॉयलरचा पंख. बाबा म्हणतात, "हात तर लावून बघ."

मागच्या महिन्यात चोर्ल्याच्या रस्त्याला चहाला थांबलो होतो. तिथं एक केशरी लॅम्बोर्गिनी येऊन थांबली. मी फोटो काढायला धावलो. बाबा चार लोकांसमोर म्हणाले, "ही काय गाडी हाय व्हय? घोरपड चेपल्यागत दिसतीया. गाड्या आमच्या काळात होत्या." मी पण बोलून गेलो, "तुमचा काळ संपला बाबा, आता लाकडं तासून गाड्या होत नाहीत." तेव्हापासून आमच्यात कामापुरतंच बोलणं. निरोप आईमार्फत.

जुन्या स्पोर्ट्स कार खरंच सुंदर होत्या, की वय झालं की सगळं जुनंच चांगलं वाटतं? आणि हेराल्डचं काय करू?

— एक वाचक, शहापूर, बेळगाव

---

बाळा,

स्पॉयलर नको. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

या सदरात सासू-सुनांची पत्रं जास्त येतात, गाडीचं पत्र वर्षातून एखादं. पण हा विषय मला परका नाही. आमच्या ह्यांचं खानापूर रोडला डेंटिंग-पेंटिंगचं शेड होतं. हिशेब मी लिहायची, आणि गिऱ्हाईक नसलं की पत्रा बघायला शिकायची. पत्रा डोळ्यांनी बघायचा नसतो. ट्यूबलाइट लावायची, गाडीच्या अंगावर तिची जी पांढरी रेघ पडते ती बघत बघत गाडीभोवती फिरायचं. रेघ सरळ वाहत गेली तर काम चोख. कुठं लचकली, तुटली, थरथरली तर तिथं पुट्टी जास्त झालीय. जुनी गाडी चांगली की नवी, यावर माझं जे काही मत आहे ते त्या रेघेवरून झालंय.

आता तुमचं भांडण. तुम्ही दोघंही एकच गोष्ट गृहीत धरून चाललाय: जुनं म्हणजे गोलाईचं, नवं म्हणजे टोकदार. बाबांना गोल आवडतं, तुला टोक. पण ज्या चेपलेल्या घोरपडीवरून तुमचं वाजलं, तिचा मूळ आकार १९७१ चा आहे. त्या साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीनं काउंटाशचा पहिला नमुना मांडला. पाचरीसारखं तोंड, सपाट पत्रे, वर उघडणारी दारं. आजच्या लॅम्बोर्गिनी अजून त्याच पाचरीवर जगतात. बाबा तेव्हा दप्तर घेऊन शाळेला जात असतील. म्हणजे ती घोरपड त्यांच्याच काळातली निघाली की!

पुढची गंमत ऐक. काउंटाश काढली ती बेर्तोने या इटलीतल्या डिझाइन कंपनीच्या मार्चेल्लो गांदिनी यानं. आणि लॅम्बोर्गिनीच्याच ज्या मिउराला जगभरची जुन्या गाड्यांची भक्तमंडळी लवून नमस्कार करतात, ती बाईच्या कमरेसारखी वळणाची, दिव्यांना पापण्या असलेली मिउराही त्याचीच. ती आली १९६६ ला. तुझ्या हेराल्डच्या साली. गांदिनी तेव्हा सत्तावीसचा होता, तुझ्याएवढा. पाच वर्षांत एकाच माणसानं एक गाडी सगळी गोलाईत काढली आणि दुसरी सगळी कोनात. २०२४ मध्ये तो वारला तेव्हा या दोन्ही गाड्यांसाठी लोक हळहळले. त्याला जुना म्हणायचं की नवा?

तेव्हा काळावरून वाद घालू नका. आकार कशामुळं झाला ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर आवडीनिवडीत नसतं. कायदा, हवा, वजन आणि हातातलं हत्यार, यातलं काहीतरी असतं.

डोळेच घे. बाबांना नव्या गाड्यांचे डोळे रागीट दिसत असणार, सगळ्यांनाच दिसतात. जुन्या गाड्यांचे गोल, भोळे. पण तो भोळेपणा काही कुणी मायेनं काढलेला नाही. अमेरिकेत १९४० पासून ठरावीक मापाचे सीलबंद दिवेच लावायचे असा नियम होता. सुरुवातीला सात इंची गोल, बस्स. तो नियम १९८३ पर्यंत चालला. स्पोर्ट्स कार विकायची तर मोठा बाजार अमेरिकेचा, मग दिवा गोलच. नाक खाली न्यायचं तर दिवा कायद्यानं ठरवलेल्या उंचीखाली जातो, म्हणून दिवसा बॉनेटमध्ये लपणारे आणि रात्री वर येणारे दिवे आले. पादचाऱ्याला धडक बसली तर काय होईल, याचे नियम कडक झाले आणि तेही गेले. २००४ नंतर तसे दिवे घेऊन मोठ्या कंपनीची नवी गाडी आलेली नाही. आता एलईडीला जागाच लागत नाही. दिवा बोटाएवढा झाला, त्यामुळं डोळा बारीक झाला, आणि डोळा बारीक केला की माणूससुद्धा रागावल्यासारखाच दिसतो.

बॉनेट उंच झालं त्यालाही तेच पादचाऱ्याचं कारण. डोकं आपटलं तर पत्र्याखाली लगेच इंजिनाचं लोखंड लागू नये म्हणून मधे पोकळी ठेवतात. दारं जाड झाली ती बाजूच्या धडकेसाठी. काचेचे खांब जाड झाले, खिडक्या बारीक झाल्या. १९६३ मध्ये फ्रँकफर्टला आलेली पोर्शे ९११ एक मीटर एकसष्ट सेंटिमीटर रुंद होती. आजची आरशांशिवायच एक मीटर पंच्याऐंशी भरते. आपल्या गणपत गल्लीत गर्दीच्या वेळी त्या २४ सेंटिमीटरनं काय फरक पडतो, हे मी तुला सांगायला नको. तरी ९११ लांबून ओळखू येते. छपराची रेघ काचेपासून मागच्या बंपरापर्यंत एका दमात उतरते, ती त्यांनी सोडलेली नाही. १९९७ मध्ये गोल दिवे सोडून फुटलेल्या अंड्यासारखे दिवे लावून बघितले. गिऱ्हाइकांनी इतकी नाकं मुरडली की २००४ च्या पिढीत पुन्हा गोल आले. माझं मत विचारशील तर नव्या-जुन्याच्या भांडणातली सगळ्यात शहाणी गाडी तीच.

बाबांच्या बाजूचं एक आधी मान्य करते. नव्या गाड्यांत मला खरोखर खुपतात ती खोटी भोकं. बंपरला, दाराला, मागच्या मडगार्डाला हवा घेतल्यासारखा आकार काढायचा आणि आत काळं प्लॅस्टिक ठोकून बंद करायचं. २०१९ च्या टोयोटा सुप्रावर अशी बंद तोंडं किती आहेत ते मोजत बस. हवा लागत असेल तर भोक पाड, नसेल तर पत्रा गुळगुळीत ठेव. अंगठी नाही म्हणून बोटावर अंगठी गोंदवून घ्यायची, तसला प्रकार. ट्यूबलाइटची रेघ अशा गाडीवर चार बोटं सलग चालत नाही.

पण बाबांना हेही सांग, की खोटा दागिना आत्ताच आलेला नाही. तुमच्या हेराल्डच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर पत्र्याची जी टोकं वर आलीयेत, ती कशासाठी आहेत? कशासाठीच नाहीत. हेराल्ड विलायतेत आली १९५९ ला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत कॅडिलॅकनं डिकीच्या दोन्ही बाजूंना विमानाच्या शेपटीएवढे पंख लावले होते. वाऱ्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. फॅशन होती, सगळ्यांनी थोडी थोडी घेतली. आपल्या फियाटलाही होती. त्यांचा खोटा पंख आपल्याला गोड वाटतो, तुमचं खोटं भोक नाही. साठ वर्षांनी तुझा पोरगा त्या भोकांवर जीव टाकेल, कुणी सांगावं.

आणि सुंदर रेघ नेहमी शहाणी असतेच असं नाही. १९९८ मध्ये ऑडीनं टीटी आणली. मागचा भाग नदीतल्या गोट्यासारखा, कुठं कोपरा नाही. बघत राहावी अशी. जर्मनीत मोकळ्या रस्त्यावर लोकांनी ती खूप वेगात पळवली. वेगात अचानक वळण घेताना मागची चाकं जमीन सोडल्यासारखी हलकी व्हायची. अपघात झाले, माणसं गेली. शेवटी कंपनीनं गाड्या परत बोलावून त्या गोट्यावर छोटा स्पॉयलर बसवला. तेव्हा स्पॉयलर ही काही टवाळ पोरांची चैन नाही, जिथं लागतो तिथं जीव वाचवतो. तुझ्या हेराल्डला तो नको, त्याचं कारण तिची चाल आहे. ९४८ सीसीचं इंजिन, ताकद पस्तीस हॉर्सपॉवरच्या आसपास. हायवेला उतार लागला तरी शंभराच्या पुढं तिला धाप लागते. त्या वेगाला स्पॉयलर म्हणजे कपडे वाळत घालायची दांडी.

रुंद टायरांबद्दल मात्र मी नुसतं नको म्हणत नाही, हात धरून थांबवते. हेराल्डचा मागचा ॲक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, दोन तुकड्यांचा आहे, मधून लवणारा. जोरात वळण घेतलं की मागचं चाक खाली दुमडून आत जातं आणि गाडीची मागची बाजू वर उचलली जाते. मूळच्या अरुंद टायराला पकड कमी, म्हणून तो तसं होण्याआधी घसरतो आणि वेळ निभावते. त्या जागी रुंद, चिकट टायर घातलेस तर तो घसरायचा नाही, दुमडेल. चोर्ल्याच्या वळणावर हा प्रयोग करू नकोस.

तू तिला स्पोर्ट्स कार करायला निघालायस, पण ती आधीच एका स्पोर्ट्स कारची बहीण आहे हे तुला ठाऊक आहे का? तिचा आकार काढला तुरीनच्या जोव्हान्नी मिकेलॉत्ती यानं. हेराल्डच्याच चेसिसला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, आखूड करून त्यानं तिच्यावर ट्रायम्फ स्पिटफायर बसवली, १९६२ ची दोन सीटांची उघडी स्पोर्ट्स कार. मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढं उलटं उघडतं ना, ते स्पिटफायरलाही तसंच आहे. बाकीच्या गाड्या एकसंध डब्यासारख्या होऊ लागल्या होत्या तेव्हा हेराल्ड वेगळ्या चेसिसवर सुटे पत्रे बोल्टनं जोडून का बनवली, याचीही गोष्ट आहे. ज्या कारखान्याकडून कंपनी बॉडी दाबून घ्यायची तो प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतला होता. अख्खी बॉडी दाबून मिळेना, तेव्हा तुकडे ठिकठिकाणी करून जोडले. ती अडचण आज तुझ्या पथ्यावर पडतेय. सडलेला तुकडा तेवढा काढून दुसरा करता येतो.

मग नवं काही करूच नको का? कर की, पण दिसणार नाही तिथं. सगळं वायरिंग नवं, फ्यूज आणि रिले घालून. त्याच गोल दिव्यात चांगला बल्ब. तेरा इंची रिमवर बसणारे साधे रेडियल. ब्रेकच्या नळ्या, रबरं, पेट्रोलचा पाइप जुना एकही ठेवू नकोस. सीटबेल्ट. आणि पत्र्याला रंग लावायच्या आधी चेसिसचे बाजूला निघालेले हात ठोकून बघ, हेराल्ड तिथंच सडते. वर चकचकीत रंग आणि खाली चाळण, अशा गाड्या आमच्या शेडला पुष्कळ यायच्या.

कागदांचं थोडक्यात. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमानं व्हिंटेज म्हणून नोंद मिळते. नंबरात व्हीए अक्षरं येतात, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. अट अशी, की चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि ती रोजच्या वापराला नेता येत नाही. रोज फिरवायची असेल तर साध्या आरसीचं नूतनीकरण करून घे. कुठल्याही वाटेनं गेलास तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीनं दिलेली मूळ ठेवण बदलायची नाही, आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये तेच पुन्हा बजावलंय. तुझ्या यादीतलं अर्धं सामान आरटीओच्या गेटवरच उतरवायला लागेल.

आता ते वाक्य. "लाकडं तासून गाड्या होत नाहीत."

बाळा, तू हे कुणाला म्हणालास! चाळीस वर्षं ज्या माणसानं सागवानाला रंधा मारून, पटाशीनं कोरून, कानशीनं गोलाई घासून पॅटर्न केले आणि त्यातून लोखंड ओतलं गेलं, त्याला. आणि म्हणालास तेही चुकीचं. ज्यांचे फोटो तू फोनमध्ये ठेवतोस त्या साठच्या दशकातल्या इटालियन गाड्यांचा पत्रा लाकडी सांगाड्यावर धरून हातोडीनं ठोकून आकाराला आणायचे. त्या काळची फेरारी म्हणजे चाकं लावलेलं सुतारकाम आणि तांबटकाम.

पण बाबांनाही एक गोष्ट वाचून दाखव. १९६१ ची जग्वार ई-टाइप, जिच्याइतकी मऊ रेघ दुसऱ्या गाडीला नाही, ती माल्कम सेयरनं नुसत्या हाताच्या अंदाजानं काढलेली नव्हती. तो विमानाच्या कारखान्यातून आलेला वाऱ्याचा अभ्यासक. लॉगची कोष्टकं समोर घेऊन वळणाचा एकेक बिंदू आकडेमोडीनं काढायचा. आणि तू कॅडमध्ये चार ठिपके ओढून जी वक्ररेषा वाकवतोस, तिला बेझिए म्हणतात ते रेनो गाड्यांच्या कारखान्यातल्या इंजिनियरच्या नावावरून. साठच्या दशकात गाडीचा पत्रा मशिनला समजावून सांगायचा म्हणून त्यानं ते गणित बसवलं. म्हणजे तुझा माउसही बाबांच्याच काळातला.

तेव्हा उजव्या दिव्याचं कडं बाजारात शोधणं आता सोड. डावं शाबूत आहे ना? ते सोडवून घे, कारखान्यात मोजून कॅडमध्ये घे आणि आरशात धरल्यासारखं उलटं कर. एका बटणाचं काम आहे, पण उजवं कडं डाव्यावरून हातानं उलटं काढायचं म्हटलं तर कसबी माणसालाही दोन दिवस लागतात. एकास एक मापाची प्रिंट काढ आणि बाबांच्या पुढ्यात नेऊन ठेव. आईमार्फत नको, तू स्वतः. म्हण, "बाबा, याचा पॅटर्न पाहिजे." माफी बिफी मागायच्या भानगडीत पडू नकोस, तुम्हा दोघांनाही ते जमायचं नाही.

कडं ॲल्युमिनियमचं ओतायचं. ते थंड होताना शंभराला सव्वाच्या हिशेबानं आकसतं. ते माप बाबांच्या श्रिंकेज स्केलवर कोरलेलं असतंच, तू तोंडी सांगायला जाऊ नकोस. वाळूतून पॅटर्न सुटायला बाजूंना उतार किती द्यायचा, हेही तेच ठरवतील, आणि तुझ्या ड्रॉइंगवर पेन्सिलीनं खाडाखोड करतील. करू दे. मूळ कडं पातळ आहे, वाळूच्या साच्यात तेवढं पातळ उतरणार नाही. थोडं जाड ओतून आतून तुझ्या मशिनवर उतरवून घ्यावं लागेल. उद्यमबागेत एवढासा तुकडा ओतून देणारा बाबांच्या ओळखीचा कुणीतरी असणारच.

कडं बसलं की संध्याकाळी ट्यूबलाइट धरून दोघंही बघा, रेघ मडगार्डावरून कड्यावर न अडखळता उतरते का. अडखळली तर घासायला कोण बसतं ते मला कळव.

डाव्या कड्याचे स्क्रू साठ वर्षांचे आहेत, जोर लावलास तर डोकी तुटतील. आदल्या रात्रीच तेल सोडून ठेव.

— आक्का